भिंतीजवळचा रेणू आणि मधला रेणू

वाचकांचे प्रश्न : द्रवस्फटिक

द्रवासारखा वाहणारा, पण रेणू एका दिशेने रांगेत ठेवणारा पदार्थ म्हणजे द्रवस्फटिक. गेल्या अंकातल्या द्रवस्फटिकांवरच्या लेखात एक वाक्य होतं : ‘नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रात भरलेल्या द्रवस्फटिकाचे रेणू मोकळ्या नमुन्यातल्या रेणूंपेक्षा वेगळ्या रीतीने हलतात.’ वेगळ्या म्हणजे नेमक्या कशा, असं विचारणारी पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतून आली. काही पत्रं प्रयोग करून अडलेल्या विद्यार्थ्यांची आहेत. त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : द्रवस्फटिकाचा रेणू काडीसारखा असतो. मग बारीक छिद्रात त्याची अवस्था नळीत कोंबलेल्या उदबत्त्यांसारखी होणार, हलायला जागाच उरणार नाही. पण ‘छिद्रात प्रतिसाद जलद होतो’ असंही वाचनात येतं. यातलं खरं काय? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, कारण त्या दोन वेगळ्या हालचालींबद्दल आहेत. फक्त उदबत्तीची उपमा आधी मापाने तपासू. प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा द्रवस्फटिक म्हणजे ५सीबी. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने तो तयार केला आणि १९७३ मध्ये जाहीर केला. त्याचा रेणू सुमारे २ नॅनोमीटर लांब आणि अर्धा नॅनोमीटर जाड असतो. २०० नॅनोमीटर व्यासाच्या छिद्रात असे शंभर रेणू एकापुढे एक आडवे मावतात. उदबत्ती २० सेंटिमीटरची धरली तर नळी २० मीटर रुंद झाली! तिथे कोंबाकोंबी कसली? गर्दी आहे, पण ती कुठल्याही द्रवात असते तेवढीच.

फरक पडतो तो भिंतीमुळे. भिंतीलगतचा २ नॅनोमीटरचा थर, म्हणजे साधारण एका रेणूच्या लांबीएवढा थर, भिंतीच्या थेट पकडीत असतो असं धरा. गोल छिद्रात या थराचा वाटा किती होतो ते बघा. २०० नॅनोमीटर व्यासाला फक्त ४ टक्के. ५० नॅनोमीटरला १५ टक्के. २० ला ३६, १० ला ६४, आणि ७ नॅनोमीटरला ८० टक्क्यांच्या वर. तेव्हा ‘नॅनो छिद्र’ हा एकच शब्द वापरून काही हाती लागत नाही. २०० नॅनोमीटरमध्ये भिंत दिशा ठरवते, पण बहुतेक रेणू नेहमीसारखेच हलतात. ७ नॅनोमीटरमध्ये ‘नेहमीसारखा’ रेणू शोधावा लागतो.

आता हालचाली. काडीसारखा रेणू स्वतःच्या लांब अक्षाभोवती फिरतो. ही गिरकी नॅनोसेकंदाच्याही आत होते आणि भिंतीमुळे तिला फारशी बाधा येत नाही. दुसरी हालचाल म्हणजे कोलांटी : शेंडा बुडाच्या जागी आणि बूड शेंड्याच्या जागी. शेजारचे सगळे एका दिशेने उभे असताना उलटं व्हायचं म्हणजे त्या सगळ्यांचा विरोध पार करायचा, म्हणून ५सीबीमध्ये खोलीच्या तापमानाला कोलांटीला दहापट-शंभरपट जास्त, म्हणजे काही दहा नॅनोसेकंद लागतात. भिंतीला चिकटलेल्या थरात ही कोलांटी कित्येक पटींनी मंदावते. ५सीबीच्या टोकाला सायनो गट असतो आणि सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. या दोघांचा हायड्रोजन बंध जुळला की रेणूचं एक टोक जणू खुंटीला बांधलं जातं. आपण म्हणता ती ‘हलायला जागा नाही’ची स्थिती इथली. तिचं कारण मात्र जागेची टंचाई नसून हा बंध आहे.

तिसरी हालचाल एकट्या रेणूची नव्हे, सामुदायिक आहे. लाखो रेणूंची समाईक दिशा विद्युतक्षेत्राने वळवली आणि क्षेत्र काढून घेतलं, तर ती पूर्ववत यायला किती वेळ लागतो? हा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो : फिरण्यातली चिकटता गुणिले जाडीचा वर्ग, भागिले स्थितिस्थापकता आणि पायचा वर्ग यांचा गुणाकार. ५सीबीसाठी २५ अंशाला चिकटता सुमारे ०.०८ पास्कल-सेकंद, स्थितिस्थापकता सुमारे ६ पिकोन्यूटन. ५ मायक्रॉन (५,००० नॅनोमीटर) जाडीच्या थरात उत्तर येतं ३४ मिलिसेकंद. २०० नॅनोमीटरच्या थरात ५४ मायक्रोसेकंद, म्हणजे सहाशेपटींहून जलद. आपण वाचलेला ‘जलद प्रतिसाद’ तो हा.

यात एक दुरुस्ती करावी लागते, ती बरेच जण विसरतात. वरचं सूत्र भिंतीची पकड अतूट धरतं. प्रत्यक्षात पकड किती पक्की ते एका लांबीने मोजतात : स्थितिस्थापकता भागिले पकडीची ऊर्जा. दर चौरस मीटरला ०.०००१ जूल ही चांगली पक्की पकड समजली जाते, तरी ही लांबी ६० नॅनोमीटर येते. ती दोन्ही बाजूंनी मिळवली की २०० चा थर ३२० नॅनोमीटरचा असल्यासारखा वागतो आणि वेळ ५४ वरून सुमारे १४० मायक्रोसेकंदांवर जातो. ५ मायक्रॉनच्या थरात ही भर नगण्य असते. जाडी जसजशी कमी कराल तसतसा जाडीपेक्षा भिंतीच्या पकडीचा अंमल वाढतो.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात २० नॅनोमीटर छिद्रांच्या ॲल्युमिना पडद्यात ५सीबी भरून डीएससी (तापवताना नमुना किती उष्णता घेतो त्याचं मोजमाप) केली. मोकळ्या ५सीबीचं पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, ३५ अंशाला येतं. पडद्यातल्या नमुन्यातही जवळजवळ तिथेच आलं. बंदिस्त केल्याने संक्रमण तापमान (रेणूंची रांग मोडून साधा द्रव होण्याचं तापमान) खाली यायला हवं होतं ना? (नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : यायला हवं होतं, पण आपला द्रवस्फटिक बहुधा २० नॅनोमीटरच्या छिद्रात नाहीच. बाजारात गाळणीसाठी मिळणाऱ्या ॲल्युमिना पडद्यांवर ‘०.०२ मायक्रॉन’ लिहिलेलं असतं ते गाळण्याच्या क्षमतेबद्दल. ६० मायक्रॉन जाडीच्या पडद्यात एका बाजूला मायक्रॉन-दोन मायक्रॉनची पातळ साय असते, २० नॅनोमीटरची छिद्रं तेवढ्यातच. बाकी सगळी जाडी २०० नॅनोमीटरच्या नळ्यांची. म्हणजे आपल्या ५सीबीचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग २० नॅनोमीटरच्या छिद्रांत आहे. २०० नॅनोमीटरमध्ये नेमॅटिक, म्हणजे रेणू रांगेत असलेल्या, अवस्थेपासून साध्या द्रवाकडे जाणारं संक्रमण फार तर अंश-दोन अंश खाली येतं आणि थोडं पसरतं. आपलं मोजमाप चुकलेलं नाही, नमुन्याचं नाव चुकलं आहे. ही गफलत फार ठिकाणी होते.

दुसरा संशय पृष्ठभागावर राहिलेल्या थराचा. पडद्याची सच्छिद्रता ३० टक्के धरली तर ६० मायक्रॉनमधला द्रवस्फटिक १८ मायक्रॉनच्या सलग थराएवढा भरतो. दोन्ही बाजूंना पुसायचं राहून गेलेला २-२ मायक्रॉनचा थर असेल तर २२ मधले ४ भाग, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, मोकळा आहे. त्याचं पीक अरुंद आणि उंच येतं, छिद्रांतल्या भागाचं रुंद आणि बुटकं. नजर उंच पिकावर जाते आणि ‘काहीच सरकलं नाही’ असा निष्कर्ष निघतो. आलेखात ३५ अंशाच्या अलीकडे पसरट खांदा दिसतो का ते जरूर बघा.

पुन्हा करताना असं करा. पडद्याला पॉलिप्रॉपिलीनची कडी असेल तर आधी ती काढून टाका, तापवल्यावर ती वितळून पसरते. पडदा व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १५० ते २०० अंशाला तीन-चार तास ठेवा, डेसिकेटरमध्ये थंड करा आणि लगेच वजन घ्या. मग ५० अंशाच्या तव्यावर, म्हणजे ५सीबी साधा द्रव असताना, एका बाजूने थेंब ठेवा आणि केशाकर्षणाने भरू द्या. दोन्ही बाजूंनी एकदम थेंब टाकलेत तर हवा मध्ये अडकते. तासाभराने दोन्ही बाजू फिल्टर पेपरवर दाबून पुसा, पेपर बदलून पुन्हा पुसा, कागदावर डाग उमटेनासा होईपर्यंत. मग पुन्हा वजन. १३ मिलिमीटर व्यासाच्या चकतीत ३० टक्के सच्छिद्रतेला साधारण अडीच मिलिग्रॅम ५सीबी मावतो. वजन ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पुसणं कमी पडलं, दीडच्या आत राहिलं तर छिद्रं पूर्ण भरली नाहीत. पडद्यागणिक सच्छिद्रता बदलते, म्हणून आपल्या पडद्याची आधी काढून घ्या.

डीएससीच्या पॅनमध्ये ५ मिलिमीटरचा तुकडा बसतो आणि त्यात द्रवस्फटिक जेमतेम ०.३५ मिलिग्रॅम. या संक्रमणाची उष्णता ग्रॅममागे २ जूलच्या आसपास आहे. वितळण्याची उष्णता तिच्या तीसपट, म्हणून वितळणं सहज दिसतं आणि हे दिसत नाही. चार-पाच तुकडे एकावर एक रचा. रिकाम्या पॅनशी तुलना करू नका, समोरच्या पॅनमध्ये तेवढेच रिकामे ॲल्युमिना तुकडे ठेवा, कारण आपल्या नमुन्यात ॲल्युमिनाचं वजन द्रवस्फटिकाच्या सहा-सातपट आहे. तापवण्याचा दर मिनिटाला २ अंश ठेवा. १० अंशाला पीक उंच दिसतं खरं, पण अंशभराचं सरकणं त्यात पुसलं जातं.

खरोखर दहाच्या आतलं माप हवं असेल तर सच्छिद्र काच किंवा एसबीए-१५ सारखी सिलिका भुकटी घ्या. एसबीए-१५ चं छिद्र-आकारमान ग्रॅमला सुमारे १ घन सेंटिमीटर असतं. नायट्रोजन शोषणाने आपल्या भुकटीचा आकडा काढा आणि त्याच्या ८० ते ९० टक्केच द्रवस्फटिक घाला, म्हणजे बाहेर काही उरणार नाही. द्रावकात विरघळवून भरत असाल तर एक तुलना-नमुना चुकवू नका : तेवढाच मोकळा ५सीबी त्याच द्रावकात विरघळवा, तसाच सुकवा आणि त्याचंही पीक घ्या. द्रावक किंचित उरला तरी संक्रमण तापमान खाली येतं आणि ते हुबेहूब बंदिस्तपणाच्या परिणामासारखं दिसतं. रबरी बुचातून किंवा मऊ प्लॅस्टिकमधून द्रवस्फटिकात उतरणाऱ्या पदार्थांनीही हेच होतं, म्हणून काच आणि टेफ्लॉनच वापरा.

आणि ७ नॅनोमीटरमध्ये पीक सापडलं नाही तर निराश होऊ नका. १९७६ मध्येच पिंग शेंग यांनी गणिताने दाखवलं होतं की भिंतीने दिशा लावलेला नेमॅटिक थर एका मर्यादेपेक्षा पातळ झाला की संक्रमणाची उडी नाहीशी होते आणि दिशाक्रम हळूहळू बदलत जातो. भिंतीजवळचे रेणू ३५ अंशाच्या वरही थोडे रांगेत राहतात, तर छिद्राच्या मधले रेणू खालीही पूर्ण रांगेत येत नाहीत. सुप्त उष्णता एका जागी गोळा होत नाही, मग पीक कुठून येणार? तिथे डीएससी सोडून प्रकाशाचं द्विअपवर्तन (दिशेनुसार बदलणारं वाकणं) तापमानानुसार मोजावं लागतं, किंवा पुढच्या उत्तरातली पद्धत वापरावी लागते.

प्रश्न : ५सीबी भरलेल्या २०० नॅनोमीटरच्या पडद्याचं डायइलेक्ट्रिक मोजमाप (बदलत्या विद्युतक्षेत्राला नमुना कसा प्रतिसाद देतो ते) केलं. साध्या पडद्यात शिथिलन (रेणू क्षेत्रामागे पडू लागतात ती जागा) काही मेगाहर्ट्झला दिसलं. लेसिथिन (एक मेदासारखा पदार्थ) लावलेल्या पडद्यात ते नाहीसं होऊन काही दहा मेगाहर्ट्झला दिसलं. लेसिथिनमुळे रेणू जलद झाले असं लिहावं का? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : तसं लिहू नका. रेणू जलद झालेले नाहीत, आपण दुसरीच हालचाल बघत आहात. साध्या ॲल्युमिना नळीत ५सीबीचे रेणू नळीच्या अक्षाला समांतर राहतात. आपलं क्षेत्रही पडद्याच्या आरपार, म्हणजे अक्षाच्याच दिशेने आहे, म्हणून कोलांटी दिसली. लेसिथिनच्या थरावर रेणू भिंतीला काटकोनात उभे राहतात आणि चाकाच्या आऱ्यांसारखी रचना होते. आता क्षेत्र रेणूंच्या समाईक दिशेला आडवं पडतं. त्यात कोलांटी जवळजवळ दिसत नाही, समाईक दिशेभोवतीचं जलद डोलणं दिसतं. नाटक तेच आहे, आपण बाजूच्या खुर्चीत जाऊन बसलात. बंदिस्तपणाने गती बदलली असं म्हणायचं तर मोकळ्या नमुन्यातलं तेच शिथिलन, त्याच दिशेत, चुंबकीय क्षेत्राने रेणू रांगेत लावून मोजलेलं, शेजारी ठेवायला हवं.

पण त्याही आधी ते पीक खरं आहे का तपासा. इलेक्ट्रोड आयटीओ (पारदर्शक वाहक लेप) लावलेल्या काचेचे असतील तर मला त्यावर विश्वास ठेवायला जड जाईल. १ चौरस सेंटिमीटर क्षेत्र, ६० मायक्रॉन अंतर, सरासरी परावैद्युतांक १० धरला तर धारिता साधारण १५० पिकोफॅरड. आयटीओचा आणि तारांचा मिळून ५० ओहम रोध असला की या जोडीचं स्वतःचं पीक २१ मेगाहर्ट्झला येतं, नेमकं आपण सांगता त्या पट्ट्यात. ओळखायची खूण सोपी आहे. इलेक्ट्रोडचं क्षेत्र एक चतुर्थांश करा. रेणूंचं शिथिलन जागचं हलणार नाही, रोधाचं पीक सुमारे चौपट वर जाईल. तापमान १० अंशांनी बदलूनही बघा, रेणूंचं पीक ठळकपणे सरकतं, रोधाचं जवळपास तिथेच राहतं. दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा चढवणं हा उत्तम उपाय, फक्त तो द्रवस्फटिक भरण्याआधी दिलात तर छिद्रांची तोंडं बुजत नाहीत ना हे पाहावं लागेल.

खालच्या टोकाला, किलोहर्ट्झ आणि त्याखाली, भिंतीला बांधलेल्या थराची मंद प्रक्रिया असते. तिथेच आयनांची वाहकता आणि ॲल्युमिना-द्रव सीमेवर साठणारा प्रभारही असतो. निव्वळ एक चढ दिसला म्हणून त्याला ‘पृष्ठभागीय शिथिलन’ नाव देऊ नये. नव्या बाटलीतल्या, आयन कमी असलेल्या ५सीबीने तो चढ उतरला तर तो आयनांचाच होता.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती या विषयातली फार सुंदर गोष्ट आहे. भिंतीजवळचा रेणू कायम भिंतीजवळ राहत नाही. १० नॅनोमीटरच्या छिद्रात, बंध पक्का नसेल तर, भिंतीपासून मध्यापर्यंत विसरणाने यायला त्याला मायक्रोसेकंदाचा काही दशांश भाग पुरतो. डायइलेक्ट्रिक मोजमाप मेगाहर्ट्झला, म्हणजे त्याहून जलद नजरेने बघतं, म्हणून त्याला ‘भिंतीचे’ आणि ‘मधले’ असे दोन गट दिसतात. ड्यूटेरियम एनएमआर, म्हणजे जड हायड्रोजनच्या अणुगर्भांवरून रेणूंची दिशा ओळखणारी पद्धत, तिची नजर काही दहा मायक्रोसेकंदांची. तेवढ्यात रेणू कित्येकदा ये-जा करून आलेला असतो, म्हणून तिथे एकच सरासरी दिसते. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात तेव्हा बऱ्याचदा कारण एवढंच असतं.

प्रश्न : तीच सिलिका भुकटी, ५सीबी भरण्याची तीच कृती. जानेवारीत आणि जुलैत निकाल वेगळे का? (कळवा, ठाणे)

उत्तर : पाणी. ठाण्याच्या पावसाळी हवेत आर्द्रता दिवसचे दिवस ८०-९० टक्क्यांवर असते आणि अरुंद छिद्रांची सिलिका ती चटकन ओढून घेते. पाण्याचे रेणू हायड्रॉक्सिल गटांवर आधी बसतात, मग सायनो गटाला बांधून घ्यायला खुंट्या मोकळ्या राहत नाहीत. भिंतीचा थर सैल होतो, छिद्राचा व्यास घटतो, आणि ५सीबीचा काही भाग बाहेर ढकलला जाऊन ३५ अंशाचं मोकळं पीक वाढतं. भुकटी १२० ते १५० अंशाला निर्वातात रात्रभर सुकवा आणि ओव्हनमधून काढल्यापासून भरेपर्यंतचा वेळ वहीत मिनिटांत लिहा. पाच मिनिटं आणि पाऊण तास यांत जुलैत खूप फरक पडतो. भरलेलं पॅन हवाबंद दाबून घ्या. शंका आली तर भरण्याआधीची सुकी भुकटी थोडी बाजूला काढून १५० अंशापर्यंत तापवून वजन किती घटतं ते पाहा. ती घट म्हणजे पाणी.

प्रश्न : काडीऐवजी चकतीसारखे रेणू असतील तर? (वाशी, नवी मुंबई)

उत्तर : चकत्यांचे द्रवस्फटिक भारतातच सापडले. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी १९७७ मध्ये ते जाहीर केले. चकत्या नाण्यांसारख्या एकावर एक रचून खांब होतात आणि विद्युतभार खांबाच्या लांबीने वाहतो. खांब नळीच्या अक्षाला समांतर उभे राहिले तर तयार तार मिळावी, अशी अपेक्षा असते. पण चकत्या भिंतीला कडेने टेकल्या तर खांब पुष्कळदा वळून नळीभोवती कडी बनवतात, कड्यांत कड्या. थंड करत गेलं की क्रम एकेका कडीत टप्प्याटप्प्याने येतो. अशा नमुन्यात नळीच्या लांबीने वाहकता मोजून ती कमी आली, तर दोष रेणूंच्या गतीला देऊ नये. आधी क्ष-किरणांनी खांबांची दिशा ठरवावी.

प्रश्न : ५सीबीची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची की बाहेर? (ठाणे पूर्व)

उत्तर : बाहेर, अंधाऱ्या आणि कोरड्या कपाटात, घट्ट बंद करून. फ्रिजमधून काढलेल्या गार बाटलीत आपल्या हवेतला ओलावा लगेच धरतो. ५सीबी २२ ते २४ अंशाच्या खाली गोठू शकतो, पण आपल्याकडे ती वेळ क्वचित येते आणि आली तरी तो बराच काळ न गोठता राहतो. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत मात्र दुपारी पारा ३५ च्या आसपास असतो आणि गढूळ दिसणारा द्रव अचानक पारदर्शक झालेला आढळतो. तो बिघडलेला नाही, साधा द्रव झाला आहे. गार झाला की पुन्हा गढूळ होईल. गोठलेला असेल तर बाटली ४० अंशाच्या पाण्यात धरून पूर्ण वितळवा, हलक्या हाताने फिरवून एकजीव करा आणि मगच थेंब काढा. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून वरवरचा द्रव घेतला तर अशुद्धी त्यातच जास्त आलेली असते.